फिरती आरागिरणी

ओंडका गिरणीपर्यंत न्यायचा नाही, गिरणीच ओंडक्यापाशी न्यायची, या बेताने बनवलेले लाकूड कापण्याचे लहान यंत्र. एक-दोन माणसे ते चालवतात. गाडीमागे जोडून ते शेतात, रानाच्या कडेला किंवा घरामागे नेता येते आणि झाड पडले त्याच जागी त्याच्या फळ्या, वासे, तुळया पाडता येतात. अमेरिका, कॅनडा, स्वीडन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड या देशांत स्वतःच्या जमिनीवरच्या लाकडातून गोठा, कोठार, कुंपण किंवा राहते घर बांधणाऱ्यांकडे असे यंत्र दिसते. भारतात आरागिरणीला परवाना लागतो, त्यामुळे येथे चित्र वेगळे आहे.

यंत्रे येण्यापूर्वीही लाकूड कापणारेच झाडाकडे जात. ओंडका खड्ड्यावर किंवा उंच घोडीवर चढवायचा आणि एकाने वरून, दुसऱ्याने खालून लांब करवत ओढायची, ही रीत युरोपातही होती आणि आपल्याकडेही. वरचा माणूस रेघ सांभाळी, खालच्याच्या डोळ्यांत भुसा जाई. पाणचक्कीच्या आणि पुढे वाफेच्या गिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा करवत एका जागी खिळली. मग ओंडकेच नदीतून, गाड्यांवरून, रेल्वेने तिकडे जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हलकी पेट्रोल इंजिने आणि चेन सॉ, म्हणजे फिरत्या दातेरी साखळीची हातकरवत, सामान्य शेतकऱ्याच्या हाती आली आणि ही दिशा पुन्हा उलटली. कॅलिफोर्नियातील ग्रॅनबर्ग कंपनीची ‘अलास्कन’ नावाची चौकट चेन सॉच्या पात्याला जोडली की हातातल्या करवतीने सरळ फळी निघू लागली. १९८२ मध्ये इंडियानापोलिस येथे सुरू झालेल्या वुड-मायझर कंपनीने पातळ पात्याचा आडवा बँड सॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखी फिरणारी करवत, चाकांच्या गाड्यावर बसवला, आणि आज घरगुती आरागिरणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ते हेच रूप. स्वीडनची लोगोसोल, न्यूझीलंडची पीटरसन, कॅनडाची नॉरवुड आणि ऑस्ट्रेलियाची लुकास या कंपन्या पुढच्या दीड दशकातल्या. पापुआ न्यू गिनीत १९८० च्या दशकात गावकऱ्यांसाठी बनवलेल्या यंत्राचे नावच मुळी टोक पिसिन भाषेत ‘वोकाबाउट सोमिल’, म्हणजे चालती आरागिरणी, असे पडले. तेथील बहुतेक जमीन कुळांच्या सामाईक मालकीची आहे. परक्या कंपनीला जंगल तोडायला देण्याऐवजी आपले आपण निवडक झाड कापून विकावे, हा त्यामागचा विचार होता.

यंत्रांचे मुख्य प्रकार तीन: चेन सॉवर बसवलेली चौकट, बँड सॉ आणि फिरत्या चकतीची गिरणी. त्यांतला खरा फरक भुशात दिसतो. करवत लाकडातून जाताना स्वतःच्या रुंदीइतके लाकूड खाते. चेन सॉची चीर सुमारे ९ ते १० मिलीमीटर रुंद असते, मोठ्या गोल करवतीची (चकतीची) ६ ते ७ मिलीमीटर, तर बँड सॉची जेमतेम २ ते ३ मिलीमीटर. १२ इंची चौकोनी ओंडक्याच्या एक-एक इंच जाडीच्या फळ्या काढायच्या ठरवल्या तर गोल करवत ९ फळ्या देते आणि बँड सॉ ११. दोन फळ्यांच्या या फरकामुळे लहान ओंडके कापणेही परवडते, आणि कमी ताकदीच्या इंजिनावर काम भागते ते याच पातळपणामुळे. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. सव्वा इंच रुंद आणि मिलीमीटरभर जाड पाते बोथट झाले, ताण कमी पडला किंवा वाटेत कठीण गाठ आली की ते नागमोडी चालते आणि फळीवर लाट उमटते. म्हणून पाते दर एक-दोन तासांच्या कापणीनंतर बदलून धार लावायला काढतात. सालीत अडकलेली माती आणि वाळू हा धारेचा सर्वांत मोठा शत्रू आहे. ओंडका जमिनीवरून घासत आणला असेल तर आधी साल काढून टाकलेली बरी. सागवानात मुळातच वाळूचा अंश असतो, तेही पाते लवकर खाते.

चेन सॉची चौकट स्वस्त, पाठीवर टाकून नेण्याजोगी, आणि गाडी पोहोचत नाही तिथे सोयीची. तिने लाकूड वाया जाते, वेळ फार लागतो, हातांना कंपने बसतात. फिरत्या चकतीच्या गिरणीत ओंडका जागच्या जागी राहतो. चकती एकदा आडवी, एकदा उभी होऊन चौकोनी तुकडे सोडवत जाते. ऑस्ट्रेलियातल्या प्रचंड निलगिरीसारखी झाडे हलवणेच अशक्य असते. तिथे हीच गिरणी कामाची.

नवा मालक यंत्राच्या किमतीचा हिशोब करतो आणि ओंडका हलवण्याचा विसरतो. १८ इंच व्यासाचा, १० फूट लांबीचा ओला ओंडका सहज ५०० किलोच्या आसपास भरतो. तो गाड्यावर चढवायचा, प्रत्येक कापानंतर फिरवायचा, पाचर मारून पक्का करायचा. महागड्या यंत्रांत हे काम हायड्रॉलिक दांडे करतात. साध्या यंत्रावर आकडी लावलेला लांब दांडा, उतरती फळी, साखळी आणि दुसरा माणूस लागतो. गंभीर अपघात पात्यानेच होतात असे नाही, घरंगळलेल्या ओंडक्यानेही होतात. पात्याचेही भय आहेच. ताणलेले पाते तुटले तर झटक्याने बाहेर येते, म्हणून झाकण उघडे ठेवून यंत्र सुरू करणे हा निव्वळ अविचार आहे. गावाजवळच्या झाडात दुसरी भीती असते ती खिळ्यांची: जुनी कुंपणाची तार, पाटीचा खिळा, झोक्याची कडी. झाड हे सगळे पोटात घेऊन वाढते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे अनुभवी माणूस आधी धातुशोधक फिरवतो. कापलेल्या टोकावर निळा-काळा डाग दिसला तर लोखंड जवळच आहे असे समजावे.

कापायचे कसे, हा या कामाचा गाभा. सर्वांत सोपे म्हणजे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत फळ्या उतरवत जाणे. पण झाड वाढताना त्याच्या आत ताण साठतो. एकाच बाजूने कापत गेल्यास उरलेला भाग धनुष्यासारखा वाकतो. म्हणून एक बाजू उघडून ओंडका उलटा करतात, दुसरी उघडतात, मग चौकोनी गाभा शिल्लक ठेवून पुढे जातात. अगदी मधला मऊ भाग हमखास तडकतो. त्याला एक तर तुळईच्या बरोबर मध्यभागी कोंडायचे किंवा बाजूला काढून टाकायचे, फळीच्या कडेला तो येऊ द्यायचा नाही. वाढीच्या वर्तुळांना स्पर्शरेषेत कापलेली फळी रुंद आणि देखण्या लहरींची निघते, पण वाळताना ती त्रिज्येच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आखडते. सागवान स्थिर मानला जातो, तरी त्यातही ही आखडण त्रिज्येकडे सुमारे २.५ टक्के आणि स्पर्शरेषेकडे सुमारे ५.८ टक्के असते. वर्तुळे पृष्ठभागाला उभी येतील असा चौथाई काप घेतला तर फळी सरळ राहते. ओकमध्ये आणि आपल्याकडच्या सिल्व्हर ओकमध्ये तिच्यावर किरणांची, म्हणजे गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांची, चमकती नक्षीही उठते. या कापात ओंडका अनेकदा फिरवावा लागतो आणि लाकूड कमी हाती येते. घराची लाकडी जमीन, दरवाजा, मेजाचा पृष्ठभाग यांसाठी हे कष्ट घ्यावेत. गोठ्याच्या भिंतीला त्याची गरज नाही.

कापून झाल्यावर लाकूड तयार झाले असे समजणारे पहिल्या वर्षी हमखास फसतात. ओल्या लाकडातले पाणी कमी होत होत सुमारे २८-३० टक्क्यांवर येईपर्यंत त्याचे आकारमान बदलत नाही. खरी आखडण त्यानंतर सुरू होते, आणि फळी वाकते, पिळते, फुटते ती याच काळात. उपाय जुना आणि साधा आहे. सपाट, जमिनीपासून उंच पाया करायचा. दोन थरांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवायच्या आणि त्या वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत आणायच्या. माथ्यावर वजन, वर छप्पर, बाजू उघड्या. टोकांना झाड पडल्याबरोबर मेण किंवा रंग फासायचा, कारण टोकांतून पाणी झपाट्याने जाते आणि तिथूनच चिरा धावतात. समशीतोष्ण देशांत जाडीच्या इंचाला एक वर्ष असा ठोकताळा आहे. तो आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही: विदर्भातल्या एप्रिलच्या झळांत उघडी ठेवलेली फळी घाईने सुकून फुटते, तर कोकणात जून ते सप्टेंबर ती जवळजवळ सुकतच नाही आणि बुरशी धरते. पाऊस संपल्यावर कापून सावलीत रचलेले लाकूड दोन्ही संकटांतून वाचते. घाई असेल त्यांच्यासाठी काचेच्या किंवा प्लास्टिकच्या उतरत्या छताची सौर भट्टी असते. तिचा व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला साधा आराखडा घरगुती गिरणीवाल्यांत फार चालतो.

कडेचे पांढरे लाकूड घुणाला आवडते. फळीखाली पिठासारखी पूड दिसू लागली म्हणजे कीड आत शिरली. ओल्या फळीवर बोरॉनयुक्त क्षाराचे द्रावण लावणे हा स्वस्त बचाव, पण पावसात भिजणाऱ्या लाकडातून ते धुऊन जाते.

लाकडाचे माप हा वेगळाच गुंता आहे. अमेरिकेत बोर्ड फूट चालतो: एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. तिथल्या डॉयल मापात १६ फुटी ओंडक्याचे मोजमाप म्हणजे इंचांतल्या व्यासातून ४ वजा करून त्याचा वर्ग. १२ इंची ओंडका ६४ बोर्ड फूट. जाड करवतीच्या काळातले हे माप बारीक ओंडक्यांवर अन्याय करते, त्यामुळे पातळ पात्याचा गिरणीवाला त्याहून बरेच अधिक लाकूड काढतो. आपल्या वखारीत घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी असा हिशोब आढळतो. ४ फूट घेराचा १० फुटी ओंडका या हिशोबाने १० घनफूट ठरतो, भूमितीने मात्र १२.७३ घनफूट. झाड विकणाऱ्या शेतकऱ्याला हा फरक माहीत असायलाच हवा.

स्वतः कापलेले लाकूड घराच्या सांगाड्याला वापरता येते का, हे कायद्यावर ठरते. अमेरिकी बांधकाम नियम प्रतवारीचा शिक्का असलेले लाकूड मागतात, पण न्यू हॅम्पशायर, विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांनी स्थानिक कापणीसाठी काही अटींवर वेगळी वाट ठेवली आहे. लाकडाच्या पुरवठ्याला परदेशांत आपत्तींनीही हातभार लावला. २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइट परिसरात सापडलेल्या हिरव्या भुंगेऱ्याने कोट्यवधी ॲश झाडे मारली. जानेवारी २००५ मधल्या ‘गुड्रुन’ वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवे केले. असे मेलेले किंवा पडलेले झाड लवकर कापले नाही तर ते सडते, आणि मोठ्या गिरण्या एकेका अंगणातल्या झाडासाठी येत नाहीत. ती जागा फिरत्या गिरणीने भरून काढली.

भारतात जंगलतोडीविषयीच्या गोदावर्मन खटल्यातील १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून आरागिरण्यांवर कडक नियंत्रण आले. २०१६ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार लाकूड-आधारित उद्योगांचे निर्णय राज्यस्तरीय समितीकडे आहेत. यंत्राला चाके आहेत एवढ्यावरून परवान्यातून सुटका होते, असे कोणीही गृहीत धरू नये. महाराष्ट्रात त्याआधीचे टप्पेही आहेत: १९६४ चा वृक्षतोड विनियमन अधिनियम आणि शहरी भागासाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम. सागवान, आंबा, फणस, हिरडा, मोह यांसारखी झाडे मालकीच्या जमिनीवर असली तरी तोडायला परवानगी लागते. तोडीची परवानगी, वाहतुकीचा पास आणि गिरणीचा परवाना या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक हाती आली म्हणजे उरलेल्या दोन मिळाल्या, असे होत नाही. जंगल वाचवण्यासाठी हा बंदोबस्त आवश्यक होता, यात शंका नाही. त्याचा एक परिणाम मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, मुरुड, दापोली पट्ट्यात समोर आला. बागाच्या बागा आडव्या झाल्या होत्या. त्यांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले आंबे-फणसही होते. फणसाचे पिवळेधमक लाकूड माजघराच्या खांबाला, पाटाला, देवघराला मानाने वापरले जाते. त्या ओंडक्यांची वाडीतच फळी पाडून द्यायला दारी येणारी गिरणी तिथे नव्हती.