मॅटर्निटी फोटोशूट

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत, वाढलेले पोट हाच विषय ठेवून मुद्दाम काढून घेतलेली छायाचित्रे म्हणजे मॅटर्निटी फोटोशूट. 'मातृत्व छायाचित्रण' असा मराठी शब्द करता येतो, पण बोलताना तो कोणी वापरत नाही. 'फोटोशूट कधी करताय?' एवढेच विचारले जाते. महाराष्ट्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा प्रकार शहरांतून तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला आहे. बाळंतपणाच्या तयारीत दवाखान्याची पिशवी आणि बाळंतविडा यांच्या जोडीने आता त्याचीही तारीख धरली जाते.

गरोदर बाईचा फोटो काढणे मात्र मराठी घरात नवे नाही. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरली की त्या दिवशी फोटो व्हायचाच. घरात कॅमेरा नसेल तर नटूनथटून स्टुडिओत जायचे किंवा फोटोग्राफरला घरी बोलवायचे. हिरवी साडी, हिरवा चुडा, डोक्यावर फुलांचा मुकुट, दंडावर बाजूबंद, आणि पाठीमागची वेणी दिसावी म्हणून मागे धरलेला आरसा, अशी छायाचित्रे अनेक घरांच्या अल्बममध्ये सापडतील. त्यात पोट मात्र शोधावे लागते. पदर पुढे ओढलेला असतो, मांडीवर ओटीचे तांदूळ-नारळ असतात, आणि नजर जाते ती फुलांवर. नव्या फोटोशूटने नेमके हेच उलटे केले: पदर बाजूला घेतला आणि हात पोटावर ठेवला. घरातल्या सासूबाई आणि सूनबाई यांच्यात या विषयावर जी काही कुरबुर होते, ती बहुतेक या एका पदराची असते.

हा बदल बाहेरून आला. ऑगस्ट १९९१मध्ये 'व्हॅनिटी फेअर' या अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर अभिनेत्री डेमी मूर हिचे ॲनी लीबोविट्झ यांनी काढलेले छायाचित्र छापून आले. मूर तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती आणि अंगावर दागिन्यांखेरीज काही नव्हते. काही दुकानांनी तो अंक कागदात गुंडाळून विकला. २००५मध्ये अमेरिकी मासिक-संपादकांच्या संघटनेने मागच्या चाळीस वर्षांतली उत्तम मुखपृष्ठे निवडली, तेव्हा तेच चित्र दुसरे आले. एक हात छातीवर आणि एक पोटाखाली ही तिथली मुद्रा आज गल्लीतला फोटोग्राफरही सांगतो, कुठून आली हे ठाऊक नसताना. आपल्याकडे २०१६ साली करीना कपूर गरोदरपणी फॅशन शोच्या मंचावर चालली आणि जानेवारी २०२१च्या 'व्होग इंडिया'च्या मुखपृष्ठावर अनुष्का शर्मा त्याच अवस्थेत दिसली. त्यानंतर 'पोट झाकून ठेव' हे सांगणे जरा अवघड झाले.

नियोजनात सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट तारीख. फोटोग्राफरांना २८ ते ३४ हे आठवडे आवडतात. त्याआधी पोट साडीत दिसत नाही, त्यानंतर पायांना सूज येते, धाप लागते आणि ३७व्या आठवड्यापासून कळा कधीही सुरू होऊ शकतात. जुळी असतील तर महिनाभर आधीच उरकावे. अडचण अशी की हे आठवडे बरेचसे आठव्या महिन्यात पडतात, आणि जुनी माणसे आठव्या महिन्यात काहीच करू देत नाहीत. या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे मूळ बळ, आई आणि गर्भ यांच्यात अस्थिर फिरत असते, म्हणून तो नाजूक, अशी आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांची धारणा आहे. घरोघरी तिचा 'आठव्यात नको गं बाई' एवढाच सारांश उरला आहे. त्यामुळे मराठी घरांतली शूट सातवा सरता सरता, डोहाळजेवणाच्या आगेमागे होतात. आजी महिने मोजते आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट आठवडे मोजतो. तारीख पक्की करताना रिपोर्ट हातात धरावा.

दुसरी अट माहेरची. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत अजून बरीच टिकून आहे. सासर पुण्याला आणि माहेर लातूरला असेल तर मुलगी निघण्याआधी शूट झाले पाहिजे, नाहीतर जोडीच्या फोटोत नवराच नसतो. समुद्रकिनारी किंवा परगावी जायचे असेल तर डॉक्टरांना विचारून मगच तिकिटे काढावीत. शेवटच्या महिन्यांत अनेक विमान कंपन्या डॉक्टरांचे पत्र मागतात. वार खाली असलेल्या, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेल्या किंवा रक्तदाब वाढलेल्या बाईने घरातच खिडकीपाशी फोटो काढून घेतले तर बिघडत काहीच नाही. किंबहुना घरातले फोटोच पुढे जास्त पाहिले जातात, कारण त्यात जुना पलंग, मागची भिंत आणि कपाटावरची बोचकीही येतात.

जागा निवडताना लोक झाडे आणि कमानी बघतात, पण आधी स्वच्छतागृह किती पावलांवर आहे ते बघावे. सातव्या महिन्यातल्या बाईला तासाभरात एकदा तरी जावे लागते. किल्ल्याच्या पायऱ्या, शेवाळलेले घाट आणि ओली वाळू टाळावी, कारण पोटामुळे तोल पुढे जातो आणि स्वतःचे पाऊल स्वतःला दिसत नाही. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूत तिपाई लावायची तर परवानगी लागते, आणि बऱ्याच सार्वजनिक बागा अशा छायाचित्रणाचे वेगळे शुल्क घेतात. हे आधी विचारले नाही तर दागिने घातलेली बाई फाटकापाशी उन्हात उभी राहते आणि नवरा आत वाद घालतो. बाहेरचे शूट सूर्यास्ताच्या आधीच्या तासात ठेवतात. वैशाखात विदर्भात तेही सोसत नाही, मग सकाळी लवकरची वेळ धरावी.

कपड्यांत नऊवारीचा मोह सगळ्यांना असतो. पण नऊवारीची गाठ आणि निऱ्या पोटावरच येतात आणि कासोटा ताणून मागे खोचावा लागतो. म्हणून या कामाला शिवलेली, इलॅस्टिकची नऊवारी बरी पडते. सहावारी नेसताना परकराची नाडी पोटाच्या खाली बांधतात, त्याने गोलाई उठून दिसते आणि पोट आवळले जात नाही. पोट उघडे दाखवायचे असेल तर दोन-तीन तास आधीपासून सैल गाऊनच घालावा. नाडीचा किंवा पट्ट्याचा वळ तेवढ्या वेळात जातो, नाहीतर तो फोटोत लाल रेघ होऊन बसतो. बोटे सुजतात म्हणून लग्नातली अंगठी दुपारनंतर चढत नाही, आणि जबरदस्तीने चढवली तर उतरत नाही.

वाडी हा या सगळ्यातला सर्वांत देखणा आणि सर्वांत लहरी भाग. पुठ्ठ्याच्या आकारावर दोऱ्याने फुले शिवून मुकुट, बाजूबंद, गळ्यातले, कंबरपट्टा आणि वेणीवरची जाळी करतात. उन्हाळ्यात मोगरा मुबलक असतो, थंडीत शेवंती आणि निशिगंधावर भागवावे लागते. मोगऱ्याच्या कळ्या घट्ट मिटलेल्याच घ्यायच्या. संध्याकाळपर्यंत त्या अंगावर उमलतात, आणि दिव्यांच्या उष्णतेत दोन-तीन तासांत कडेने तपकिरी पडू लागतात. म्हणून वाडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि शेवटी बांधून पहिल्यांदा तिचेच फोटो काढावेत, गप्पा मग. फुलांचा वास ज्यांना सोसत नाही, आणि गरोदरपणात असे होतेच, त्यांच्यासाठी कापडी वाडी भाड्याने मिळते. देखावेही डोहाळजेवणातूनच आले आहेत: फुलांनी मढवलेला झोपाळा, चंद्रकोर, नाव, हातात धनुष्यबाण. पूर्वी चांदण्यातले, बागेतले, नावेतले असे वेगवेगळे डोहाळे पुरवायचे. स्टुडिओतली प्लायवूडची चंद्रकोर ही त्याचीच पुढची पिढी. तिच्यावर गर्भवतीला बसवण्याआधी फोटोग्राफरने स्वतः बसून दाखवावे, असा नियमच करायला हवा.

प्रकाश बाजूने घ्यावा. खिडकीचा उजेड एका अंगाने आला की पोटाच्या खालच्या बाजूला सावली पडते आणि गोलाई दिसते. समोरून फ्लॅश मारला की सगळे सपाट होते. रुंद कोनाच्या भिंगाने जवळून काढले तर पोट भोपळ्यासारखे आणि चेहरा लहान येतो, म्हणून ८५ मिलिमीटरच्या आसपासचे भिंग लावून फोटोग्राफर चार पावले मागे जातो. उभे राहताना भार मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकलेला. कमरेतून मागे झुकायला सांगू नये, कारण या दिवसांत सांधे सैल झालेले असतात आणि पाठ आधीच दुखत असते. उताणे निजवून वरून फोटो काढण्याची हौस आवरावी. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडून चक्कर येऊ शकते. निजायचेच तर डाव्या कुशीवर, पाठीशी उशी देऊन. दर वीस मिनिटांनी बसायला खुर्ची, पाणी आणि खजूर किंवा शेंगदाण्याचा लाडू हवा. साखर वाढलेली असेल तर जेवणाची वेळ चुकू देऊ नये. दीड तासात जे मिळाले नाही ते तीन तासांतही मिळत नाही, फक्त चेहरा उतरतो.

'मुलगा की मुलगी' हा खेळ फोटोत हमखास येतो. डोहाळजेवणात दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक उचलायची, पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी. हा अंदाजाचा खेळ आहे आणि त्याला कोणाची हरकत नाही. परदेशात मात्र सोनोग्राफीतून कळलेले लिंग निळ्या-गुलाबी धुराने जाहीर करतात, आणि तिथली मराठी मंडळीही कधी कधी ते करतात. भारतात ते करताच येत नाही. महाराष्ट्राने १९८८मध्ये आणि केंद्राने १९९४मध्ये कायदा करून गर्भलिंग सांगण्यावर बंदी आणली. सोनोग्राफीचा कागद हातात धरून फोटो काढायला अडचण नाही. निळा की गुलाबी हे मात्र इथे पेढ्या-बर्फीवरच सोडावे लागते.

पैशांबरोबर कागदही बोलून घ्यावा. १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तरी उघड्या पोटाचा फोटो जाहिरातीत वापरायची संमती पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेली असू शकते. ती नको असेल तर खोडून सही करावी. शूट संपले की घरी मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते, उघडपणे किंवा गुपचूप. बऱ्याच जणी फोटो लगेच कोणाला दाखवत नाहीत. बारसे होईपर्यंत ते फोनमध्ये राहतात, आणि मग बाळाच्या नावासोबत एकदमच स्टेटसला लागतात.