ब्रिटनचा ‘पेस्टी टॅक्स’ खरंच रद्द झाला का?

२०१२ साली ब्रिटिश सरकारनं गरम पेस्टीवरचा (पेस्टी म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला खाद्यपदार्थ) कर रद्द केला, असं आजही सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. अर्थमंत्री जॉर्ज ऑसबर्न यांनी मार्चमध्ये २० टक्के व्हॅट सुचवला आणि ओरड झाल्यावर मे महिन्यात माघार घेतली. पण ती माघार भट्टीतून काढून आपोआप निवू दिलेल्या पदार्थांपुरतीच होती. तीच पेस्टी गरम कपाटात ठेवून, ऊब टिकवणाऱ्या वेष्टनात किंवा ‘गरमागरम’ अशी जाहिरात करून गरम विकली, तर १ ऑक्टोबर २०१२ पासून कर लागतो. तिथल्या आपल्या समोसेवाल्यांनाही हाच नियम आहे. व्हॅट नोंदणी असेल तर हे नीट समजून घ्याच, कारण चूक झाली तर भुर्दंड दुकानदारालाच बसतो. आणि दुकानात बसून खाल्लेल्या थंड पेस्टीवरही व्हॅट आहेच.