मेणबत्तीच्या उष्णतेवर चालणारा एलईडी कंदील

साधी मेणबत्ती तासाला साधारण ६ ग्रॅम मेण जाळते. एका ग्रॅम मेणातून सुमारे ४३ किलोज्यूल उष्णता निघते, म्हणजे ती एवढीशी ज्योत ७० वॅटचा हीटर असते. उजेड मात्र जेमतेम १२ ल्युमेन (एकूण उजेडाचं माप), तोही चहूकडे पांगलेला. अर्ध्या मीटरवर वही ठेवली तर तिच्यावर ४ लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पडतात. औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला याच्या दहापट उजेड तरी हवा.

वाया जाणाऱ्या या उष्णतेचा अगदी छोटा हिस्सा विजेत बदलून त्यावर एलईडी लावता येतो. तत्त्व जुनं आहे. थॉमस सीबेक यांना १८२१ मध्ये दिसलं की दोन वेगळ्या धातूंचं कडं करून एक जोड तापवला आणि दुसरा थंड ठेवला, तर जवळची होकायंत्राची सुई हलते. कड्यातून वीज वाहत होती. धातूंच्या जोडीतून मिळणारा विजेचा दाब (व्होल्टेज) फारच कमी असतो, म्हणून आज बिस्मथ टेल्युराइड हा अर्धवाहक वापरतात. बाजारात मिळणारं मॉड्यूल म्हणजे ४० मिलिमीटर लांब-रुंद, ४ मिलिमीटरहून कमी जाडीची पांढरी वडी. दोन सिरॅमिक पत्र्यांमध्ये २५४ बारीक खांब, म्हणजे १२७ जोड्या, विजेच्या दृष्टीने एकामागोमाग एक जोडलेल्या असतात. दोन्ही पृष्ठभागांच्या तापमानात एका अंशाचा फरक पडला की सुमारे ०.०५ व्होल्ट मिळतात. १९५० च्या आसपास सोव्हिएत संघात रॉकेलच्या कंदिलावर बसणारी अशी जनित्रं बनत होती आणि वीज न पोचलेल्या खेड्यांत त्यांवर रेडिओ चालत असे. १९७७ मध्ये सुटलेली व्हॉयेजर यानं याच तत्त्वावर चालतात. तिथे ज्योतीच्या जागी प्लुटोनियम आहे.

आता हाती किती लागतं ते पाहू, कारण विक्रेत्यांच्या आकड्यांनी बरेच जण फसतात. एसपी १८४८-२७१४५ हे जनित्राचं मॉड्यूल सहज मिळतं. त्याच्या तक्त्यात १०० अंशांच्या फरकाला ४.८ व्होल्ट आणि ६६९ मिलिअँपिअर लिहिलेले असतात. गुणाकार केला की ३.२ वॅट येतात, पण ते कधीच मिळत नाहीत. ४.८ व्होल्ट आहेत ते काहीही न जोडता, आणि ६६९ मिलिअँपिअर आहेत ते दोन्ही तारा एकमेकींना चिकटवून. भार, म्हणजे एलईडीसारखी वीज घेणारी वस्तू, जोडल्यावर जास्तीत जास्त शक्ती या गुणाकाराच्या पाव पट मिळते, म्हणजे ०.८ वॅट. त्यातही घरगुती ज्योतीवर १०० अंशांचा फरक टिकत नाही, ४० अंश टिकले तरी काम चांगलं झालं म्हणायचं. तेव्हा बिनभार १.८ ते २ व्होल्ट, भाराखाली १ व्होल्टच्या आसपास आणि शक्ती साधारण ०.१५ वॅट.

आकडा केविलवाणा वाटतो, पण चांगला पांढरा एलईडी कमी प्रवाहावर वॅटला १०० ते १२० ल्युमेन देतो. म्हणजे वाटेतली गळती सोडली तर १५ ल्युमेन. मेणबत्तीपेक्षा थोडेच जास्त, पण हे १५ ल्युमेन भिंगाने ६० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात पाडता येतात. तिथे ५० लक्सच्या आसपास उजेड पडतो. अर्ध्या मीटरवरच्या मेणबत्तीच्या दहापटीहून जास्त, आणि न फडफडणारा. या कंदिलाचं सगळं महत्त्व या एका गोष्टीत आहे. खोली उजळायची असेल तर तो तुमच्या कामाचा नाही.

नवशिक्या माणसाचं सगळं लक्ष ज्योतीकडे असतं. ज्योत मोठी करा, आणखी एक मेणबत्ती ठेवा. प्रश्न जवळजवळ नेहमी वरच्या, थंड बाजूला असतो. मॉड्यूलमधून साधारण ३० वॅट उष्णता आरपार जाऊन बाहेर पडायला हवी. तिला वाट मिळाली नाही तर ती खालच्या पत्र्याच्या कडांवरून निघून जाते, मॉड्यूलमधून जातच नाही. पंख्याशिवाय ३० वॅट हवेत सोडायचे आणि तापमान फक्त ३० अंशांनी चढू द्यायचं, तर हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा, जवळपास वीतभर लांब-रुंद आणि उंच पात्यांचा लागतो. थंड देशांतल्या शिबिरात, ५ अंशांच्या हवेत, तोच सिंक ३५ अंशांवर थांबतो. मुंबईत रात्री नऊलाही हवा ३० अंशांची असते, सिंक ६० वर जातो आणि खालची बाजू १०० च्या पुढे सरकते. परदेशी कंदिलांतलं मॉड्यूल आपल्याकडे जास्त का तापतं, याचं एक मोठं कारण हे आहे.

म्हणून आपल्या हवेत पाणीच बरं. एक लिटर पाणी ३० वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे १२५ किलोज्यूल लागतात. ३० वॅटच्या हिशेबाने सत्तर मिनिटं. भांडं उघडं ठेवलं तर आणखी वेळ मिळतो, कारण वाफ होऊन उडणारं प्रत्येक ग्रॅम पाणी दोन किलोज्यूलहून जास्त उष्णता घेऊन जातं. दमट हवेत हे काम मंदावतं, बंद पडत नाही. एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. पाणी तापत गेलं तरी व्होल्ट लगेच कोसळत नाहीत, कारण उष्णता तेवढीच वाहत असते आणि दोन बाजूंमधला फरक बराचसा टिकून असतो. दोन्ही बाजू मिळून वर सरकतात. एलईडी छान लागलेला दिसतो आणि खाली पत्रा १४० अंशांकडे चाललेला असतो. तेव्हा उजेडावर भरवसा न ठेवता पाण्याला हात लावून पाहा. बोट ठेववेना झालं की पाणी बदला. ते गरम पाणी हात-पाय धुवायला वापरता येतं.

बनवायला लागणाऱ्या वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात आणि एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात मिळतात. दोन ॲल्युमिनियमचे पत्रे घ्या, ५ मिलिमीटर जाड, ८० मिलिमीटर लांब-रुंद. मधोमध मॉड्यूल, त्याच्या दोन्ही अंगांना थर्मल पेस्टचा, म्हणजे बारीक फटी भरून उष्णता पुढे नेणाऱ्या लेपाचा, पातळ थर. पातळ म्हणजे इतका, की पत्र्यावर दाबून उचलल्यावर पेस्टमधून धातूचा रंग दिसला पाहिजे. जाड लेप उष्णता अडवतो. पत्रे आवळायला मॉड्यूलच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, मध्यापासून साधारण ३० मिलिमीटरवर, ४ मिलिमीटरचे दोन बोल्ट, स्प्रिंग वॉशरसकट. बोल्ट स्टेनलेस स्टीलचेच हवेत. ६० अंशांच्या फरकाला दोन स्टेनलेस बोल्टमधून दीड-पावणेदोन वॅट उष्णता परस्पर निसटते, साध्या लोखंडी बोल्टमधून पाच वॅट. नट खालच्या बाजूला ठेवा आणि वरच्या पत्र्यात बोल्टची डोकी काउंटरसिंक करून बुडवा, म्हणजे वर भांडं सपाट बसेल. आवळताना एक बोल्ट पूर्ण पिळून मग दुसरा असं करू नका, सिरॅमिक तडकतं. अर्धा-अर्धा फेरा दोन्हीकडे. मॉड्यूलभोवती पत्र्यांमध्ये उरलेल्या फटीत ग्लासवूल भरा, नाहीतर खालचा पत्रा वरच्याला थेट तापवतो.

वर सपाट बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं, लिटरभर पाणी मावेल असं, बुडाला पेस्ट लावून ठेवा. पाण्याच्या वजनाने ते पुरेसं दाबून बसतं. स्टीलच्या डब्याचं बूड बहुधा किंचित आत गेलेलं असतं आणि स्टील उष्णताही कमी वाहून नेतं, त्यामुळे तो नको. भांड्याला भोक पाडून बोल्ट घालायचा मोह टाळा, त्याचं कारण पुढे येईल.

खाली १२ सेंटिमीटर रुंद पत्र्याचा डबा, ज्याच्या वर ही पत्र्यांची जोडी टेकेल असा. तळाजवळ ८ मिलिमीटरची दहा भोकं, वरच्या काठाजवळ तेवढीच. आत उभी मेणबत्ती नको. ती जळत खाली जाते आणि ज्योतीचं अंतर बदलत राहतं. ॲल्युमिनियमच्या वाटीतली टीलाइट घ्या. ती १४ ग्रॅमची असते, चार तास चालते आणि सुमारे ४० वॅट देते. अशा दोन, एकमेकींपासून ४-५ सेंटिमीटरवर. ज्योतीचं टोक पत्र्यापासून दीड सेंटिमीटर खाली राहिलं पाहिजे. टोक पत्र्याला टेकलं की ज्योत थंड पडते, मेणाची वाफ अर्धवट जळते आणि काजळी धरते. काजळीचा थर स्वतःच उष्णता अडवतो, त्यामुळे वापरानंतर पत्रा पुसायचा.

एक व्होल्टवर पांढरा एलईडी लागत नाही, त्याला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. यासाठी ‘जूल थीफ’ नावाचं छोटं सर्किट पुरतं: फेराइटची कडी, तिच्यावर इनॅमल तारेची जोडी २० वेढे, एक एनपीएन ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रोधक. ते ०.७ व्होल्टच्या आसपास चालू होतं. सगळं जोडूनही उजेड नसेल तर एकाच गुंडाळीची दोन टोकं उलटी करून पाहा, बहुतेक वेळा चूक तिथेच असते. व्होल्ट वाढवून देणारे तयार यूएसबी बूस्ट बोर्ड साधारण ०.९ व्होल्टवर चालू होतात, पण चालू होताच इतका प्रवाह खेचतात की मॉड्यूलचा दाब बसतो, बोर्ड बंद पडतो, दाब परत चढतो. एलईडी लुकलुकायला लागला तर समजा की हेच चाललंय. इनपुटला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून कधी कधी भागतं, पण जूल थीफ जास्त भरवशाचं. बोर्ड लावण्याआधी मल्टिमीटरने धन-ऋण तपासा. मॉड्यूल उलटं बसलं असेल तर लाल तार ऋण होते आणि बोर्ड जळतो.

मॉड्यूल मरतं ते बहुतेक तापून. थंड करण्यासाठी बनवलेलं टीईसी१-१२७०६ हे स्वस्त मॉड्यूलही वीज देतं, पण या जातीच्या अनेक मॉड्यूलमध्ये बिस्मथ-कथिलाचं डाख असतं आणि ते १३८ अंशांना वितळतं. एक खांब सुटला की सगळी साखळी तुटते. एसपी जातीचं १५० अंशांपर्यंत चालतं असं सांगतात. म्हणूनच ही वडी चुलीवर किंवा गॅसवर ठेवू नका. दाब वाढवायला दोन मॉड्यूल एकावर एक रचतात, तेही नको. खालचं आणखी ४० अंश वर जातं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत कडा उघड्या असलेलं मॉड्यूल गंजतं, तेव्हा सिलिकॉनने कडा बंद केलेलंच घ्या.

आता आगीबद्दल. बंद डब्यात टीलाइट जवळजवळ ठेवल्या की सगळं मेण पातळ होतं, त्याची वाफ व्हायला लागते आणि वातीऐवजी अख्खा पृष्ठभाग पेट घेऊ शकतो. अशा मेणावर पाणी पडलं तर ते क्षणात वाफ होऊन जळतं मेण वर उडवतं, आणि आपल्या कंदिलात पाण्याचं भांडं बरोबर ज्योतीच्या डोक्यावर आहे. भांड्याला भोक का नको, ते यासाठी. मेण पेटलंच तर शेजारी ठेवलेलं धातूचं झाकण ठेवून हवा तोडा. दोनच्या वर टीलाइट कधीच नकोत. रॉकेल तर नकोच. त्याची वाफ ४० अंशांच्या आसपासही पेटू शकते आणि या डब्यात त्याहून खूप जास्त तापतं. तंबूच्या आत किंवा दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत हा कंदील लावू नये, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग हा ठेवायचा कोणी? २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर उपनगरांतल्या काही भागांत अनेक दिवस वीज नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोलमडून शहर काही तास बंद पडलं. काही तासांसाठी बॅटरीच बरी, यात वाद नाही. २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक लिथियम सेल सुमारे ९.४ वॅट-तास देतो. तेवढ्या विजेसाठी टीलाइटच्या पंधरा जोड्या लागतील, म्हणजे ४२० ग्रॅम मेण, आणि सेलचं वजन ५० ग्रॅमच्या आतबाहेर. जिना उतरायला तर ज्योत घेऊन जाऊच नका. पण सेल संपला, पॉवर बँक संपली आणि जुलैच्या ढगांखाली सौर पॅनेल भरेना, की मग हा कंदील चालतो, स्वयंपाकघरातल्या तेलावरसुद्धा. एकेका वातीच्या दोन पणत्या मिळून तासाला ८ ग्रॅमच्या आसपास गोडं तेल जाळतात, म्हणजे किलोभर तेलात शंभराहून जास्त तास. तेलाने काजळी जास्त धरते, म्हणून वात बारीक आणि आखूड ठेवायची, बाहेर ४-५ मिलिमीटर.

पावसाळ्याआधी एकदा मल्टिमीटर लावून खालच्या पत्र्यावर तळहात ठेवा. दोन-तीन अंशांच्या फरकाने ०.१ व्होल्टच्या आसपास दिसले तर मॉड्यूल शाबूत आहे. काटा हललाच नाही तर ते बदला, थर्मल पेस्टही त्याच वेळी पुसून नवी लावा.