चाळींचे फोटो, हेरिटेजची यादी आणि 2012 चं भांडण

गिरणगावातल्या एखाद्या चाळीत गळ्यात कॅमेरा अडकवून शिरलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, 'कोणाकडून आलात, बिल्डरकडून?' दहापैकी नऊ हौशी फोटोग्राफरांना हा प्रश्न अपमान वाटतो, पण त्यामागे निदान तीस वर्षांचं राजकारण आहे, ते माहीत नसेल तर लेन्सच्या गप्पांना काही अर्थ नाही.

कॅमेरा मुंबईत तसा लवकर आला. 1854 मध्ये इथे फोटोग्राफीची संस्था निघाली, 1860 च्या दशकात शहरातल्या जातीजमातींच्या फोटोंचं दोन खंडांचं पुस्तकही आलं, आणि त्यातली गंमत म्हणजे माणसं स्टुडिओत उभी करून काढलेली आणि त्यांच्यामागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हमधून आणून चिकटवलेला, म्हणजे फोटोशॉप आपल्याकडे तेव्हापासूनच! बाकी कौतुक फोर्टातल्या नव्या दगडी इमारतींचं. 1896 ला प्लेग आला तेव्हा कुठे कॅमेरा वस्तीतल्या घरांपर्यंत पोचला, तोही औषध मारून घरं धुणारी पथकं आणि इस्पितळं दाखवायला, सरकारचं काम दिसावं म्हणून. रोजचं जगणं टिपायला तेव्हा फारसं कोणी येत नव्हतं.

मधली वर्षं सोडून देतो, कारण चाळी खऱ्या अर्थाने फ्रेममध्ये आल्या त्या 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर. अडीच लाखाच्या आसपास कामगार बाहेर, बंद गेट, सभा, मोर्चे, हे पेपरांनी छापलं. मग 1991 च्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीची तीन वाट्यांची वाटणी आली, मोकळी जागा, स्वस्त घरं आणि मालक, पण 2001 मध्ये ती वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम ठेवलं. त्यानंतर गिरण्यांची धुराडी इतकी भराभर पडली की लोअर परळला ज्याने शनिवारी फोटो काढला त्याला पुढच्या महिन्यात तिथे पत्र्याचं कुंपण दिसायचं. इथूनच 'पडायच्या आत टिपून घ्या' ही घाई सुरू झाली असं माझं मत आहे.

आता यादी. 1995 मध्ये मुंबईला हेरिटेजचे नियम लागू झाले, असे नियम करणारं हे देशातलं पहिलं शहर म्हणतात. सहाशेहून जास्त वास्तू आणि परिसर, ग्रेड एक, दोन आणि तीन. एकला जवळजवळ हातच लावायचा नाही, तीनला बरीच मोकळीक. बाणगंगा, खोताची वाडी होती यादीत, पण भर फोर्टावर. त्यातही 1999 मध्ये नियम बदलला आणि ग्रेड तीनमधल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या भाड्याच्या, इमारतींच्या पुनर्विकासाला हेरिटेज समितीकडे जायची गरज उरली नाही, म्हणजे पागडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाड्याने घेतलेल्या घरांच्या) जुन्या इमारतींना मिळालेलं थोडंफार संरक्षणही गेलं. रविवारचे हेरिटेज वॉक आणि त्यांच्यामागून जाणारे कॅमेरे मात्र अजूनही बहुतेक त्याच फोर्टातल्या इमारतींपुढे उभे असतात.

2012 मध्ये पालिकेने आणखी नऊशेच्या वर नावांची यादी काढली आणि खरा गोंधळ तिथे झाला. शिवाजी पार्कचा अख्खा परिसर त्यात होता. रहिवासी भडकले, सभा, फलक, हरकतींचे गठ्ठे. का भडकले हे बाहेरून फोटो काढणाऱ्याला कळत नाही, त्याला दिसते गोल बाल्कनी आणि जाळीचा जिना, आत राहणाऱ्याला दिसतं गळकं छत, लिफ्ट नाही, आई तिसऱ्या मजल्यावर अडकलेली, आणि शिक्का बसला की बिल्डर फिरकणार नाही ही भीती. हेरिटेजवाल्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं, ग्रेड तीन म्हणजे पुनर्विकासाला बंदी नव्हे, पण ते मराठीत सोप्या शब्दांत सांगायला कोण गेलं? इंग्रजी पेपरात लेख आले तेवढेच. दुरुस्तीला पैसे कोण देणार याचं उत्तर शेवटपर्यंत कोणी दिलं नाही, आणि माझ्या मते सगळं प्रकरण तिथेच फसलं. तेव्हापासून कॅमेरेवाला म्हणजे एकतर बिल्डरचा सर्व्हेवाला नाहीतर घर अडकवणारा, असा समज पक्का झाला.

बीडीडी, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या, चाळींचंही तेच. 1920 च्या दशकातल्या, 160 फुटांच्या खोल्या, सामाईक संडास. वरळीच्या त्या लांब कॉरिडॉरचे फोटो सुंदर येतात यात वाद नाही, पण ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना 500 फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या तेव्हा 'अरेरे, वारसा गेला' म्हणणारे त्या संडासाच्या रांगेत कधी उभे राहिले होते का. माझी तक्रार वेगळी आहे, पाडायच्या आधी प्रत्येक मजल्याचं, खोलीचं नीट छायाचित्रण व्हायलाच हवं ही अट पुनर्विकासाच्या परवानगीत का नाही, खर्च तर टॉवरच्या हिशोबात चिल्लर निघेल.

दुसरीकडे ज्यांना मान मिळाला तिथे कॅमेऱ्याला अडथळे वाढले. सीएसएमटी स्टेशन 2004 ला युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, 2008 चा अतिरेकी हल्ला तिथेही झाला, आणि आता आत ट्रायपॉड उघडला की शिटी वाजते, मोबाईलवर रील काढणाऱ्याला कोणी विचारत नाही. 2018 मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या, मरीन ड्राइव्हसकट 94 इमारती त्याच जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, तिथल्या सोसायट्यांचे वॉचमनही तसेच. कायदा म्हणाल तर 1957 च्या कॉपीराइट कायद्यात इमारतीचा फोटो काढायला आणि छापायला मोकळीक आहे, रस्त्यावर उभं राहून काढत असाल तर वास्तुविशारदाची परवानगी लागत नाही. गेटच्या आत मात्र मालकाचं राज्य, आणि काही चाळींच्या कमिट्या आता शूटिंगची रीतसर पावती फाडतात, त्यात मला तरी काही वावगं वाटत नाही, निदान गळक्या छतावर पत्रा तरी पडतो.