शोषक संस्था आणि वसाहतोत्तर विकास

बहुसंख्य लोकांचे श्रम, जमीन आणि खनिजे मूठभरांच्या हाती जावीत अशा बेताने रचलेले कायदे, करपद्धती, मक्ते आणि प्रशासकीय यंत्रणा यांना शोषक संस्था म्हणतात. वसाहतींमध्ये त्या बहुधा खाण, मळा किंवा एखादे निर्यातीचे पीक यांभोवती उभ्या राहिल्या. वसाहतींतून संपत्ती बाहेर वाहून जाते, हे दादाभाई नवरोजींनी एकोणिसाव्या शतकातच आकडेवारीनिशी मांडले होते. डॅरन असेमोग्लू, सायमन जॉन्सन आणि जेम्स रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये केलेल्या मांडणीचा भर मागे उरलेल्या यंत्रणेवर आहे. जिथे युरोपीय लोक रोगराईमुळे वस्ती करू शकले नाहीत, तिथे त्यांनी फक्त उपसा करणारी राज्यव्यवस्था उभारली आणि ती स्वातंत्र्यानंतरही टिकली, असे त्यांचे म्हणणे. या तिघांना २०२४ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वांत जुने ठळक उदाहरण पोटोसीचे. आजच्या बोलिव्हियातील या डोंगरात १५४५ मध्ये चांदी सापडली. १५७३ पासून स्पॅनिश सत्तेने ठरावीक जिल्ह्यांतील प्रौढ पुरुषांपैकी एक सप्तमांश जणांना खाणीत वेठीला धरले. ‘मिता’ नावाची ही पद्धत १८१२ मध्ये बंद झाली. तरीही पूर्वी मिताच्या कक्षेत असलेल्या पेरूमधील गावांत कुटुंबांचा उपभोग कक्षेबाहेरील शेजारच्या गावांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी असल्याचे अर्थशास्त्रज्ञ मेलिसा डेल यांना २०१० मध्ये आढळले. रस्ते कमी, शिक्षण कमी, बाजारासाठी पिकवणारेही कमी. मिताबाहेरच्या गावांत बडे जमीनदार होते आणि स्वतःच्या सोयीसाठी का होईना, त्यांनी सरकारकडून रस्ते पदरात पाडून घेतले.

काँगोत हा वारसा अधिक उघडपणे दिसतो. १८८५ ते १९०८ या काळात हा प्रदेश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची जवळजवळ खासगी मालमत्ता होता. रबराचा कोटा भरून घेण्यासाठी ओलीस धरणे, फटके आणि हात तोडणे यांचा सर्रास वापर झाला. पुढे बेल्जियन राज्यात कटंगा प्रांतातील तांबे ‘युनियन मिनिएर’ या १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीकडे गेले आणि लोहमार्ग खाणीकडून बंदराच्या दिशेने टाकले गेले. उच्चशिक्षणाकडे मात्र इतके दुर्लक्ष झाले, की ३० जून १९६० रोजी देश स्वतंत्र झाला तेव्हा काँगोली विद्यापीठीय पदवीधर तीसदेखील नव्हते. अकराच दिवसांत कटंगाने फुटून निघाल्याची घोषणा केली आणि कंपनी आपला कर त्या फुटीर सरकारला देऊ लागली. १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मोबुतूंनी कंपनीचे राष्ट्रीयीकरण केले. मालक बदलला, पण नफा वरच्यांनी वाटून घेण्याची रीत बदलली नाही. १९८०च्या दशकात वर्षाला चार लाख टनांहून अधिक तांबे देणारी ‘जेकामिन’ ही युनियन मिनिएरची वारसदार सरकारी कंपनी १९९०च्या दशकाच्या मध्यास त्याच्या दशांशावर आली.

शोषक संस्था टिकतात त्या जुन्या राज्यकर्त्यांच्या डावपेचांपेक्षा नव्यांच्या सोयीमुळे. घानातील कोकोचे विपणन मंडळ हे याचे उत्तम उदाहरण. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये ते स्थापन केले, तेव्हा शेतकऱ्याला भावाच्या चढउतारांपासून वाचवणे हा घोषित हेतू होता. स्वातंत्र्यानंतरच्या सरकारांना त्यात हुकमी महसूल दिसला. जागतिक भाव आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव यांतील तफावत सरकारजमा होत राहिली. खनिज तेलाच्या बाबतीत मधला शेतकरीही नको असतो. स्वामित्वधन (तेल काढू दिल्याबद्दल कंपन्यांनी द्यायची रक्कम) थेट तिजोरीत येते, त्यामुळे नागरिकांकडून कर घेण्याची आणि त्यांना हिशेब देण्याची गरज राज्यकर्त्यांना भासत नाही. शिवाय निर्यातीच्या पैशाने चलन वधारून शेती व कारखाने मार खातात. यालाच ‘डच रोग’ म्हणतात.

बोट्स्वानाने वेगळी वाट धरली. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेल्या या देशात पक्के रस्ते जेमतेम १२ किलोमीटर होते. खनिजांचे हक्क जमातींकडून राष्ट्राकडे सोपवणारा कायदा १९६७ मध्ये झाला. त्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले. ओरापा हे राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बामांग्वाटो जमातीच्या भूमीत आहे, ही गोष्ट लक्षणीय. पुढे सरकारने खाण कंपनीतील आपला वाटा वाढवून निम्म्यापर्यंत नेला आणि उत्पन्न शाळा, दवाखाने व रस्त्यांवर खर्च केले. ब्रिटिशांना हा रखरखीत प्रदेश बिनकामाचा वाटल्याने ‘क्गोट्ला’ या जमातसभा शाबूत राहिल्या, हाही भाग्याचा भाग. तथापि तिथली विषमता आजही तीव्र आहे आणि कलाहारी वाळवंटातील सान या मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीतून हलवल्याचा डाग आहेच.

या सिद्धांतावर आक्षेपही आहेत. वसाहतकारांच्या मृत्युदराच्या ज्या आकड्यांवर २००१ ची मांडणी उभी आहे, त्यांतील ६४ पैकी ३६ देशांचे आकडे इतर देशांवरून घेतलेले आहेत, हे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड अल्बूई यांनी दाखवून दिले. जावा बेटाचा दाखलाही सरळ बसत नाही. १८३० पासून डचांनी तिथे शेतकऱ्यांवर उसाची सक्ती केली. तरी जुन्या साखर कारखान्यांजवळची गावे आज उद्योग, रस्ते आणि शिक्षण यांत पुढे असल्याचे डेल आणि बेंजामिन ओल्केन यांचे संशोधन सांगते, कारण साखर तिथेच तयार व्हायची आणि त्यासाठी आणलेली यंत्रे व वाहतूक तिथेच राहिली. त्याच सक्तीच्या काळात, १८४०च्या दशकाच्या अखेरीस, मध्य जावात मोठा दुष्काळ पडला होता.