मारहाण आणि दुर्लक्ष: मेंदूवर उमटणाऱ्या दोन वेगळ्या खुणा

लहान मूल मार खात असेल तर शेजारीपाजारी निदान हळहळतात. त्याच्याशी दिवसदिवस कोणी बोलतच नसेल, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दुर्लक्ष म्हणजे छळाचाच सौम्य प्रकार, असं बरेचजण धरून चालतात. मला ही समजूत धोक्याची वाटते, कारण मेंदूच्या अभ्यासातून वेगळंच दिसतं.

मारहाणीत वाढणारा मेंदू धोका हेरण्यात तरबेज होतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात सेथ पोलाक यांनी मुलांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली, आधी अगदी धूसर, मग हळूहळू स्पष्ट होत जाणारी. चेहरा पुरता दिसायच्या आतच मार सोसलेल्या मुलांनी त्यावरचा राग ओळखला, इतर मुलांच्या आधी. मेंदूतला अमिग्डाला हा भाग भीतीशी जोडलेला आहे आणि अशा मुलांमध्ये तो रागीट चेहरा दिसताच जास्त जोरात चेततो. घरात ही सावधगिरी त्यांना वाचवते. शाळेत मात्र बाईंनी जरा आवाज चढवला तरी असं मूल बिथरतं आणि त्याच्यावर वांडपणाचा शिक्का बसतो.

पोलाक यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दुर्लक्षित मुलांना चेहऱ्यांवरचे भाव एकमेकांपासून वेगळे ओळखणंच जड गेलं. भाव वाचायला शिकण्यासाठी समोर चेहरा तर असायला हवा!

दुर्लक्षाचा परिणाम सगळ्यात ठळकपणे दिसला रुमानियात. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याने 1966 मध्ये गर्भपातावर बंदी आणली, गरीब घरांना मुलं पोसवेनात आणि 1989 मध्ये त्याची सत्ता गेली तेव्हा लाखाहून जास्त मुलं सरकारी संस्थांत होती. ओळीने पाळणे आणि डझनभर बाळांमागे एखादी दाई. रडून कोणी येत नाही हे कळल्यावर बाळं रडायचीही थांबत. नेल्सन, फॉक्स आणि झीना या संशोधकांनी तिथल्या 136 मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निवडून पालक-कुटुंबांत, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या दुसऱ्या घरांत, ठेवलं. संस्थेतल्या मुलांच्या मेंदूतली विद्युत हालचाल मंद होती, बुद्ध्यांकही खाली होता. दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुलं बऱ्याच बाबतीत जास्त सावरली. पुढे स्कॅनमध्ये दिसलं की मेंदूच्या भागांना जोडणारा पांढरा भाग कुटुंबात गेल्यावर बराच भरून आला होता, मेंदूतल्या पेशींचा करडा भाग मात्र कमीच राहिला.

प्रत्यक्षात अनेक घरांत दोन्ही एकत्र नांदतात, त्यामुळे सीमारेषा काटेकोर नाही. तरीही उपाय ठरवताना फरक पडतो. मार खाल्लेल्या मुलाला आधी सुरक्षितता हवी, मग भीतीवर काम करणारे मानसोपचार. दुर्लक्षित मुलाला हवं असतं रोजचं, ठरलेलं एक माणूस, जे त्याच्या प्रत्येक हुंकाराला उत्तर देईल, आणि तेही जितक्या लवकर मिळेल तितकं बरं. मूल उशिरा बोलत असेल तर अंगावर वळ आहेत का हे पाहून थांबू नये. दिवसभर त्याच्याशी कोण बोलतं, हेही विचारावं.