येशूचा अधिकार आणि आत्मिक परिवर्तन

ख्रिस्ती धर्मविचारातील दोन जोडकल्पना. शिकवण्याचा, पापांची क्षमा करण्याचा, न्याय करण्याचा आणि माणसाच्या आयुष्यावर प्रभुत्व सांगण्याचा येशूचा हक्क कुठून आला, हा पहिलीचा विषय. त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्याच्या अंतःकरणात, विचारांत आणि वागण्यात जो पालट होतो, तो दुसरीचा. ईश्वरविज्ञानाच्या ग्रंथांत दोन्हींची प्रकरणे वेगळी असतात. अधिकाराची चर्चा ख्रिस्तविचारात (येशू कोण आहे या विचारात) येते आणि परिवर्तनाची तारणविचारात (माणसाची पापातून सुटका कशी होते या विचारात). शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या नव्या करारातील चार ग्रंथांत, ही फाळणी नाही. येशूचा अधिकार कोणाला खरोखर उमगला, हे तिथे ज्याच्या त्याच्या आयुष्यात पुढे काय घडले त्यावरून कळते, आणि नुसत्या कबुलीला फारशी किंमत दिसत नाही.

शुभवर्तमानांतील अधिकार

मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या सार्वजनिक कार्याचा पहिला सविस्तर प्रसंग कफर्णहूमच्या सभास्थानातला आहे (मार्क १:२१-२८). शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या, दिवशी तो शिकवतो आणि लोक थक्क होतात, कारण तो शास्त्र्यांसारखा शिकवत नाही, अधिकार असल्यासारखा शिकवतो. शास्त्री, म्हणजे यहुदी नियमशास्त्राचे पंडित, परंपरेच्या आधारे बोलत. संदेष्टे ‘परमेश्वर असे म्हणतो’ असे सांगून बोलत. येशू ‘मी तुम्हांस खचीत सांगतो’ असे म्हणतो. डोंगरावरील प्रवचनात ‘तुम्ही ऐकले आहे... मी तर तुम्हांस सांगतो’ ही मांडणी सहा वेळा येते. खून, व्यभिचार, शपथ, सूड अशा विषयांवरचे नियमशास्त्र तो मोडत नाही, पण कृतीच्या मागे जाऊन राग, वासना, द्वेष इथवर नेतो. हा अधिकार माणसाच्या आतल्या घडणीवर हक्क सांगतो, हे इथेच स्पष्ट होते.

याच प्रवचनाचा शेवट नीट वाचण्याजोगा आहे. ‘मला प्रभू, प्रभू म्हणणारा प्रत्येक जण स्वर्गाच्या राज्यात जाणार नाही’ हा इशारा येतो, मग खडकावर आणि वाळूवर बांधलेल्या घरांचा दृष्टान्त येतो, आणि त्यानंतर मत्तय लिहितो की लोकसमुदाय त्याच्या अधिकाराने थक्क झाले (मत्तय ७:२१-२९). ऐकून न वागणाऱ्यांविषयी नुकतेच सांगून झाले आहे आणि जमाव थक्क होऊन उभा आहे! त्यांतल्या किती जणांनी ऐकले तसे केले, याबद्दल मत्तय एक अक्षर बोलत नाही. हे मौन जाणूनबुजून ठेवलेले असावे.

पक्षाघाती माणसाच्या प्रसंगात (मार्क २:१-१२) वादाला तोंड फुटते. गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, म्हणून चौघे जण छप्पर उकरून त्याला खाली सोडतात. येशू आधी त्याच्या पापांची क्षमा जाहीर करतो. देवावाचून पापांची क्षमा कोण करू शकतो, असे तिथे बसलेल्या शास्त्र्यांच्या मनात येते. त्यांचा आक्षेप त्यांच्या धर्मदृष्टीने अगदी रास्त होता. त्यांना खलनायक ठरवून मोकळे होणारी प्रवचने प्रसंगाचे वजन घालवून बसतात. मनुष्याच्या पुत्राला (येशू स्वतःला असे म्हणे) पृथ्वीवर क्षमेचा अधिकार आहे हे समजावे म्हणून येशू त्या माणसाला उठून बाज उचलायला सांगतो. इथे क्षमा आणि चालू लागणे एकाच अधिकाराखाली येतात.

अधिकाराचे सर्वांत नेमके वर्णन मात्र एका परक्या लष्करी माणसाच्या तोंडी आहे. आपल्या आजारी चाकरासाठी आलेला रोमी शताधिपती (शंभर शिपायांचा अधिकारी) येशूला म्हणतो, तुम्ही घरी येण्याची गरज नाही, शब्द मात्र बोला. मीही ताबेदार माणूस आहे आणि माझ्या हाताखाली शिपाई आहेत (मत्तय ८:५-१३). हुकूम देणारा स्वतः कोणाच्या तरी हुकमात असतो म्हणूनच त्याचा शब्द चालतो, हे त्याला नोकरीतून ठाऊक होते. योहानाच्या शुभवर्तमानात हाच विचार वेगळ्या भाषेत येतो: पुत्र स्वतः होऊन काही करत नाही, पित्याला जे करताना पाहतो तेच करतो (योहान ५:१९). त्यामुळे ख्रिस्ती विचारात येशूचा अधिकार आणि त्याचे आज्ञापालन एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

शेवटच्या आठवड्यात यरुशलेमच्या मंदिरात मुख्य याजक, शास्त्री आणि वडीलजन त्याला सरळ विचारतात, तू हे कोणत्या अधिकाराने करतोस? तो उलट प्रश्न करतो, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की माणसांपासून? ते आपसांत हिशेब करतात. स्वर्गापासून म्हणावे तर विश्वास का ठेवला नाही असे तो विचारील, माणसांपासून म्हणावे तर लोकांची भीती. शेवटी ‘आम्हांला ठाऊक नाही’ एवढे उत्तर देऊन ते सुटका करून घेतात, आणि येशूही उत्तर देत नाही (मार्क ११:२७-३३). ज्यांना बदलायचेच नाही त्यांच्यापुढे अधिकाराचा पुरावा मांडण्यात अर्थ नाही, असा या प्रसंगाचा अर्थ अनेक भाष्यकार लावतात.

सत्तेचा उलटा घाट

हा अधिकार नेहमीच्या सत्तेसारखा चालत नाही. अरण्यातील परीक्षेत सैतानाकडून येशूला जगातील सर्व राज्ये देऊ केली जातात आणि तो ती नाकारतो. परराष्ट्रीयांचे (यहुदी नसलेल्यांचे) अधिपती त्यांच्यावर धनीपण चालवतात, तुमच्यात तसे नसावे, असे तो शिष्यांना बजावतो (मार्क १०:४२-४५). शेवटच्या भोजनाच्या वेळी तो कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. ‘तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता आणि ते ठीक म्हणता’ हे वाक्य त्याच प्रसंगातले आहे (योहान १३). फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल हा क्रम एका स्तोत्रवजा उताऱ्यात मांडतो: स्वतःला रिक्त करणे, दासाचे रूप घेणे, वधस्तंभावरील मरण, आणि मग सर्वांपेक्षा श्रेष्ठ नाव (२:६-११). ‘स्वर्गात व पृथ्वीवर सर्व अधिकार मला दिला आहे’ हे शब्द मत्तयात पुनरुत्थानानंतर येतात (२८:१८), आणि त्यांना लागूनच शिष्य करण्याची व आज्ञा पाळायला शिकवण्याची आज्ञा आहे.

पुढील मंडळीने, म्हणजे ख्रिस्ती समाजाने, हा दावा सिद्धान्ताच्या भाषेत बांधला. नायसियाच्या परिषदेने (३२५) पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे सांगितले, तर कॅल्सेडनच्या परिषदेने (४५१) एकाच व्यक्तीत पूर्ण ईश्वरत्व व पूर्ण मनुष्यत्व मानले. खरा वाद पुढे वेगळ्याच प्रश्नावर झाला: येशूचा अधिकार आज कोणाच्या मार्फत चालतो? रोमन कॅथलिक चर्च पवित्र शास्त्र, परंपरा आणि पोप व बिशपांचा शिकवण्याचा अधिकार हे एकत्र धरते. ऑर्थोडॉक्स चर्चची भिस्त परिषदा, उपासना आणि पूर्वसूरींच्या परंपरेवर आहे. प्रॉटेस्टंट सुधारकांनी पवित्र शास्त्राला शेवटचा शब्द दिला. विसाव्या शतकात राजकीय सत्तेने निष्ठा मागितली तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. नाझी राजवटीला साजेसे चर्च घडवण्याचा प्रयत्न जर्मनीत सुरू असताना मे १९३४ मध्ये बार्मेन येथे काढलेल्या जाहीरनाम्याने येशू ख्रिस्त हेच देवाचे एकमेव वचन आहे आणि त्याच्याबरोबरीने दुसरी कोणतीही सत्ता मंडळीच्या उपदेशाचा उगम ठरू शकत नाही, असे ठामपणे मांडले. त्याच्या लेखनात ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कार्ल बार्थ याचा मोठा वाटा होता.

परिवर्तनाची नव्या करारातील रूपे

नव्या करारात परिवर्तनासाठी एक ठरीव प्रतिमा नाही. निकदेम या यहुदी अधिकाऱ्याला येशू नव्याने जन्मण्याविषयी सांगतो (योहान ३). पौल जुना मनुष्य काढून नवा मनुष्य धारण करण्याविषयी, मनाच्या नवीकरणाने रूपांतर होण्याविषयी (रोम १२:२) आणि ख्रिस्तात असलेल्या नव्या उत्पत्तीविषयी (२ करिंथ ५:१७) लिहितो. गलतीकरांस पत्रात आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणे आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. यांत दर्शने किंवा चमत्कार नाहीत. सगळी लक्षणे माणसांशी वागतानाच कसाला लागणारी आहेत.

प्रत्यक्ष माणसांत हे कसे घडते याची सर्वांत बोलकी जोडी म्हणजे जक्कय आणि तो श्रीमंत मनुष्य. यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय ठेंगणा असल्याने उंबराच्या झाडावर चढतो. येशू त्याच्या घरी उतरतो, एवढेच. पैशाबद्दल येशूने काही सांगितल्याची नोंद लूक करत नाही. तरी जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता दरिद्र्यांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत करतो (लूक १९:१-१०). श्रीमंत मनुष्याला मात्र येशू स्पष्ट आज्ञा देतो, तुझे असेल नसेल ते विकून दरिद्र्यांना दे. तो खिन्न होऊन निघून जातो (मार्क १०:१७-२२). येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असे मार्क लिहितो, पण त्याला परत बोलावल्याचे किंवा अट सैल केल्याचे कुठेच लिहीत नाही. या अधिकारात सक्ती नाही, तो नाकारता येतो. ख्रिस्ती चिंतनात या दोन प्रसंगांकडे पुन्हा पुन्हा वळण्याचे कारण हेच.

पेत्राचे उदाहरण आणखी वेगळे आहे. तो तीनदा येशूला नाकारतो. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो आणि मेंढरे त्याच्या हवाली करतो (योहान २१). तरीही नंतर अंत्युखिया शहरात परराष्ट्रीयांबरोबर जेवण्याच्या बाबतीत तो कचरला आणि पौलाने त्याला तोंडावर अडवले (गलती २:११-१४). प्रमुख शिष्याची ही घसरण नव्या कराराने लपवलेली नाही.

पंथांतील मतभेद

माणूस बदलतो तो कोणाच्या बळावर? पाचव्या शतकारंभी बिशप ऑगस्टीनने, माणूस स्वतःच्या इच्छेने चांगले वागू शकतो असे मानणाऱ्या पेलेजियसच्या विरोधात, भूमिका घेतली की देवाच्या कृपेवाचून माणसाची इच्छाशक्तीसुद्धा चांगल्याकडे वळत नाही. पाश्चात्त्य चर्चने सर्वसाधारणपणे ऑगस्टीनची बाजू घेतली. पूर्वेकडील चर्चने हा विषय ईश्वरीकरणाच्या कल्पनेतून मांडला: चौथ्या शतकातील अथनेशियसच्या मते देवाचा शब्द मनुष्य झाला तो मनुष्याने देवस्वरूप व्हावे म्हणून. यात माणूस देवाचे तत्त्व होत नाही, देवाच्या जीवनात सहभागी होतो, असा खुलासा चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामासने केला.

सोळाव्या शतकातील जर्मन सुधारक मार्टिन ल्यूथरने नीतिमान ठरणे आणि प्रत्यक्षात नीतिमान होत जाणे यांत फरक केला. विश्वासाने माणूस देवापुढे नीतिमान ठरतो, तरी तो एकाच वेळी पापीही असतो. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील परिषदेने १५४७ मध्ये याला उत्तर देताना सांगितले की नीतिमान ठरवले जाण्यात पापक्षमेबरोबरच अंतर्यामी मनुष्याचे नवीकरणही येते. या वादावर रक्त सांडले, चर्च फुटले. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन आणि कॅथलिक प्रतिनिधींनी या प्रश्नाच्या मूलभूत सत्यांवर सहमती असल्याच्या संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २००६ मध्ये इंग्रज धर्मगुरू जॉन वेस्लीच्या चळवळीतून निघालेले मेथडिस्टही तीत सामील झाले. पेंटेकॉस्टल मंडळ्यांनी पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याच्या अनुभवावर भर दिला. १९०६ पासून लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरील सभांमुळे हा प्रवाह जगभर पसरला.

क्षण आणि काळ

ख्रिस्ती साक्षींमध्ये एखादा क्षण ठळक असतो. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रकाश दिसला. ऑगस्टीनने ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत रोमकरांस पत्रातील ओळी वाचल्या. जॉन वेस्लीला २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरील सभेत आपले अंतःकरण विलक्षण उबदार झाल्याचे जाणवले. तोवर तो दशकभर दीक्षित धर्मगुरू होता. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे १८८३ साली झाला, पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, हे सुमारे आठ वर्षांनी कळल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. धर्मांतर आणि परिवर्तन यांतले अंतर इतक्या स्वच्छपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

क्षणावर फार भर दिल्याने काय निसटते, ते इंग्रज खलाशी जॉन न्यूटनच्या चरित्रात दिसते. मार्च १७४८ मध्ये समुद्रावरील वादळात त्याने देवाचा धावा केला आणि तो दिवस आपल्या परिवर्तनाचा म्हणून आयुष्यभर पाळला. त्यानंतरही तो गुलामांच्या व्यापारात राहिला, गुलामवाहू जहाजांचा कप्तान झाला, आणि १७५४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने समुद्र सोडला. १७६४ मध्ये तो धर्मगुरू झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याची जाहीर पत्रिका १७८८ ची आहे, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी. प्रामाणिक भक्ती आणि घोर अन्याय एकाच माणसात इतकी वर्षे शेजारी शेजारी राहू शकले. परिवर्तनाची सुरुवात आणि त्याचा पल्ला यांत किती अंतर पडू शकते, हे सांगायला याहून बोचरे उदाहरण सापडणे कठीण.

म्हणूनच बहुतेक परंपरांनी रोजच्या साधनेला महत्त्व दिले. मठांत पवित्र शास्त्राचे संथ, प्रार्थनापूर्वक वाचन रुजले. जेझुइट संघाचा संस्थापक लोयोलाच्या इग्नेशियसने दिवसाअखेरीच्या आत्मपरीक्षणाला नियमित रूप दिले. वेस्लीने लहान गट केले, त्यांत सभासद एकमेकांना आत्मिक स्थितीबद्दल विचारत.

अधिकाराचा गैरवापर

येशूच्या नावाने बोलणारे माणसांवर स्वतःचा ताबा बसवतात, हा धोका जुना आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील करिश्माई, म्हणजे पवित्र आत्म्याच्या वरदानांवर भर देणाऱ्या, मंडळ्यांत शिष्यत्वाच्या नावाखाली पाळकांनी अनुयायांच्या लग्नापासून नोकरीपर्यंतच्या निर्णयांवर हक्क सांगितला आणि त्यावर चळवळीच्या आतूनच कडाडून टीका झाली. अलीकडच्या दशकांत धर्मगुरूंनी केलेल्या लैंगिक अत्याचारांची प्रकरणे आणि ती दाबण्याचे प्रयत्न उघड झाल्यावर आज्ञाधारकपणाच्या उपदेशाकडेच अनेक जण संशयाने पाहू लागले. यावरचा एक निकष शुभवर्तमानांतूनच मिळतो: पाय धुणाऱ्याचा अधिकार सांगणारा स्वतः कोणाला उत्तरदायी आहे? शताधिपतीने स्वतःबद्दल हे आधीच सांगून टाकले होते. ज्या मंडळीत पाळकाला प्रश्न विचारण्याची सोय नाही, तिथे येशूच्या अधिकाराचे नाव घेतले जात असले तरी चालतो तो दुसऱ्याच कोणाचा.